माझं भाषण आणि आईचं खळं

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे. शेवटचा बाक उशिरा येणाऱ्या मुलांचा होता, नाहीतर मी तिथेच बसले असते. आमच्या घरी मासळी सुकते. घरापुढे मासळी वाळवायचं खळं, खळ्यापुढे वाळू, वाळूपुढे समुद्र, आणि कपड्यांची दोरी नेमकी खळ्याच्या कडेला. कॉलेजचे दोन ड्रेस मी पत्र्याच्या ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवत असे. त्यामुळे माझ्या अंगाला सुक्या मासळीचा वास येत होता, की डांबरगोळ्यांचा, की दोन्हींचा, हे मला कधीच कळलं नाही. पण पुढच्या बाकावरची मुलगी खिडकी उघडायची तेव्हा मला वाटायचं, माझ्यामुळेच उघडली.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं त्याला याशिवाय दुसरं कारण माझ्यापाशी नाही.

आमची वाडी मिरकरवाड्याच्या बंदरापासून थोडी पुढे आहे. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. आई मासळी खारवते, सुकवते आणि आठवड्यातून एकदा एसटीने देवरूखच्या बाजारात नेऊन विकते. कंडक्टर तिची टोपली टपावर टाकायला लावतो आणि ती दर खेपेला त्याच्याशी भांडते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. विज्ञान शाखा घेतली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "त्यात काय शिकवतात?" मी म्हटलं, "ऊन, वारा, पाणी, वीज." ते म्हणाले, "ते तर आपल्याकडं हायच, एक वीज सोडली तर."

त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी 'उद्याची ऊर्जा' या विषयावर एका पाहुण्यांचं व्याख्यान ठेवलं. पाहुणे घाटावरचे, मोठ्या संस्थेत काम करणारे. हॉलमध्ये पडदा लावला होता, त्यावर ते चित्रं दाखवत होते. मधूनच व्होल्टेज उतरायचं, चित्र पिवळं पडायचं आणि मागची मुलं हसायची. पाहुणे तेवढा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "हसा. याच दिव्यासाठी मी आलोय."

ते फार साधं बोलले. म्हणाले, कोळसा म्हणजे जमिनीत साठलेलं जुनं ऊन. खनिज तेल म्हणजेही जुनंच ऊन. आपण आजवर शिळं खात आलो. तुमची पिढी ताजं ऊन वापरील. तुमच्या दारात समुद्र आहे, डोक्यावर सूर्य आहे, कानात वारा आहे आणि तुम्ही रॉकेलच्या रांगेत उभे आहात. माझा भाऊ त्याच दिवशी सकाळी रॉकेलच्या रांगेत उभा होता. मला वाटलं, हे माझ्याकडेच बघून बोलतायत.

मग त्यांनी खिशातून एक पुडी काढली. तिच्यात बेदाणे होते. एका काळ्या पेटीत, काचेखाली, नुसत्या उन्हावर सुकवलेले. "धूळ नाही, माश्या नाहीत, फार जागाही नको," ते म्हणाले. पुडी बाकाबाकावरून फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा तीनच उरले होते. मी दोन घेतले. एक खाल्ला, एक आईसाठी रुमालात बांधला.

आईने तो जिभेवर बराच वेळ ठेवला. "गोड हाय," ती म्हणाली. "पन हे द्राक्ष."

मी म्हटलं, "मग काय झालं?"

"काय नाय. द्राक्ष हाय म्हटलं."

सरांनी मग आम्हा मुलांना सांगितलं, पाहुण्यांचे विचार आपापल्या गावात पोचवा. ज्याला जमेल त्याने भाषण करायचं. वर्गात तीन हात वर झाले. माझा त्यात नव्हता. पण सरांनी हजेरीपट बघितला आणि म्हणाले, "तू बंदराकडची ना? तुझ्या वाडीत तू बोल. सुकी मासळी, काळी पेटी, छान विषय आहे." मी नाही म्हणू शकले नाही. नाही म्हणायची सवयच नव्हती. दोन रात्री बसून भाषण लिहिलं, सरांना दाखवलं. त्यांनी तीन ठिकाणी लाल खुणा केल्या आणि खाली 'उत्तम' लिहिलं.

भाषण देवळाच्या मंडपात झालं. वाडीतली बरीच माणसं आली, कारण वाडीतली पोर बोलणार हे नवीन होतं. मी कागद खाली ठेवला आणि पाठ म्हटलं. शिळं ऊन, ताजं ऊन, सगळं पाहुण्यांचं. पण शेवटी मी माझं स्वतःचं घातलं. म्हणाले, आमच्या आया-मावश्या शंभर वर्षांपूर्वी जशी वाळूवर मासळी टाकत, तशीच आजही टाकतात. कावळे, माश्या, धूळ, वास. जग चंद्रावर गेलं आणि आम्ही खळ्यावरच बसलोय. अशा दोन पेट्या आल्या तर हे एवढं मोठं खळं लागणारसुद्धा नाही.

शेवटचं वाक्य पाहुण्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. ते मला भाषण लिहिताना, रंग भरायला म्हणून सुचलं. टाळ्या त्याच वाक्याला पडल्या आणि सगळ्यात मोठी टाळी सोसायटीच्या अध्यक्षांची होती.

अध्यक्ष म्हणजे आमच्या वाडीतल्या मच्छीमारांच्या सोसायटीचे. त्यांचे दोन ट्रॉलर, त्यातल्या एकावर माझे वडील. वाडी त्यांना भाऊ म्हणते. ते वाईट माणूस नाहीत, हे मला इथे लिहिलं पाहिजे. वडिलांचा हात मशीनमध्ये सापडला तेव्हा त्यांनीच स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. भाषणानंतर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, नाव काढलंस वाडीचं."

आई बायकांच्या घोळक्यात उभी होती. घरी आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "वास येतो म्हनालीस."

मी म्हटलं, "ते भाषणात म्हणायचं असतं."

"व्हय," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

पंधरा दिवसांनी खळ्यावर खुंट ठोकलेले दिसले, डोक्यावर लाल रंग लावलेले. शेजारची काकी धावत आली. काकी म्हणजे आईची खळ्यावरची जोडीदारीण, तोंडाने तिखट, वाडीत तिच्याशी कुणी पैज लावत नाही. तिच्याकडून कळलं की तिथे बर्फाचा कारखाना व्हायचाय. विजेवर चालणारा. बर्फ तेव्हा आमच्याकडे ट्रकने यायचा आणि निम्मा रस्त्यातच पाणी व्हायचा. मासळी खराब व्हायची, मालकांचा संताप व्हायचा. कारखाना हवाच होता. पण खळ्याची जागा सरकारी पड जमीन. पिढ्यान् पिढ्या बायका वापरत आलेल्या, म्हणून त्यांची हरकत नाही असा कागद हवा होता आणि त्यावर खळ्यावर बसणाऱ्या प्रत्येकीचा अंगठा.

"आनि आमी मासळी कुठं घालायची, इचारलं मी भाऊला," काकी म्हणाली. "म्हनतो, दोन पेट्या देतो. म्हनतो, तुमच्यातलीच शिकलेली पोर सांगून गेली, खळं लागनार नाय." तिने माझ्याकडे बघितलं. "त्या पेटीत बसनार कोन, मी का तुजी आयशी?"

मला अजूनही वाटत होतं की पेटी चालेल.

सरांनी कॉलेजच्या सुताराकडून एक पेटी करून घेतली होती. पाहुण्यांनी पाठवलेल्या नकाशाप्रमाणे. आतून काळी, वर तिरकी काच, खाली पुढच्या बाजूला आणि वर मागच्या बाजूला बोटभर भोकांची रांग. सर स्वतः टेम्पोतून ती खळ्यावर घेऊन आले. बायका गोल करून उभ्या राहिल्या. आईने चिरलेले, खारवलेले बांगडे आत मांडले. मांडताना काकी म्हणाली, "ह्या भोकांतनं माश्या जातील की." सर म्हणाले, "हवेसाठी आहेत ती." आणि ते कॉलेजला निघून गेले.

माश्या खरंच जायला लागल्या. आमच्याकडची बाई मासळीवर बसलेली माशी बघू शकत नाही. माशी बसली की दोन दिवसांनी किडा, किडा लागला की देवरूखचं गिऱ्हाईक टोपली पायाने ढकलतं. आई दिवसभर हातात झाडाची फांदी घेऊन बसते ती त्यासाठी. मला वाटलं, नाहीतरी काच आहे, ऊन आहे, भोकांची गरज काय. मी जुन्या पातळाच्या चिंध्या केल्या आणि एकेक भोक नीट बुजवलं. खालची रांग आणि वरचीही. आईने बघितलं, पण ती म्हणाली, "तुझी पेटी, तूच बग."

दुपारी काच आतून पांढरी झाली, घामेजल्यासारखी. संध्याकाळी उघडली तर वाफ तोंडावर आली. बांगडे सुकले नव्हते, शिजले होते. काकीने एक उचलला, तो तिच्या बोटांत मोडला. तिने तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ बरोबर हाय. भात कुठाय?"

बायका इतक्या हसल्या की एक खाली बसली. मीही हसले असते, पण खुंट तिथेच दिसत होते.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भोकं बुजवलीस म्हणून. पेटीचा काय दोष?" ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी चिंध्या काढल्या, भोकांना मच्छरदाणीचं कापड लावलं. मासळी शिजली नाही. पण संध्याकाळपर्यंत वाळली फक्त वरच्या ओळीतली. खालची चिकटच राहिली आणि तेवढ्या वेळात आईने खळ्यावर दहा टोपल्या पसरून गोळा केल्या होत्या. पेटीत मावत होती एक.

त्या संध्याकाळी मी आईला पहिल्यांदा विचारलं, तू कसं करतेस. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसले, पण कधी विचारलं नव्हतं. तिला प्रश्नच कळेना. "कसं करते म्हंजे? घालते आनि काढते."

"कधी घालतेस?"

"मतलई असताना."

मतलई म्हणजे पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा. दुपारी समुद्राकडून उलटा येतो तो खारा वारा. ही दोन्ही नावं मला शाळेतल्या भूगोलात भेटली होती. परीक्षेत आकृती काढून मी पूर्ण गुण घेतले होते. आणि आई रोज पहाटे दार उघडून आधी पदर हातभर पुढे धरते आणि तो कुठे जातो ते बघते, हे मी जन्मापासून बघत होते. त्या दोन गोष्टी एकच आहेत हे मला कधी सुचलं नव्हतं. मला वाटायचं ती पदर झटकते.

"ऊन काय, ऊन दुपारीबी असतं," आई म्हणाली. "पन दुपारी वारा ओला. तेव्हा मासा वाळत नाय, घाम येतो त्येला. म्हनून खारा सुटायच्या आत गोळा करायचं, ढीग घालून झाकायचं. परत दुसऱ्या दिवशी मतलईला पसरायचं."

मी सरांकडे गेले. प्रयोगशाळेत हवेतला ओलावा बघायचं एक साधन असतं. शेजारी-शेजारी दोन तापमापक, एकाच्या टोकाला ओलं फडकं. दोघांतला फरक जेवढा जास्त, तेवढी हवा कोरडी. मी ते आठ दिवसांसाठी मागितलं. सर म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "खळ्यावर लावायचंय." ते जरा विचारात पडले, पण दिलं. आठ दिवस मी पहाटे, दहाला आणि दुपारी वहीत नोंदी केल्या. सकाळी फरक मोठा. मतलई पडली की कमी. खारा सुटला की तो निम्म्यावर यायचा. आईने पदर धरून बघितला आणि मासळी गोळा करायला घेतली की माझा आकडा उतरलेला असायचा. एकदाही ती चुकली नाही. मी एकदा चुकले, फडकं ओलं करायला विसरले.

त्या वहीने मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. आनंद झाला असं म्हणवत नाही. राग आला, तोही आधी स्वतःचाच. जगात सगळे ताज्या उन्हाच्या शोधात आहेत आणि माझी आई कोरडा वारा आणि ऊन दोन्ही वापरून गावोगावचं पावसाळ्याचं सुकं तयार करते, एक थेंब रॉकेल न जाळता. आणि तिच्याबद्दल मी म्हटलं होतं, वास येतो.

शिमग्याच्या आधी भाऊंनी सभा ठेवली. त्यांनी एक चतुराई केली. सरांमार्फत त्याच पाहुण्यांना बोलावलं, वाडीत व्याख्यान द्यायला. पाहुणे आनंदाने आले. व्याख्यान झालं की लगेच तिथेच टेबलावर कागद आणि शाईचा पॅड, असा बेत. आणि प्रास्ताविक मी करायचं. सरांनी मला बजावलं, "तेच भाषण कर. चांगलं आहे. विद्यापीठाच्या स्पर्धेलाही तुलाच पाठवायचंय."

मंडप भरला होता. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, सर, भाऊ. बायका डाव्या अंगाला खाली बसलेल्या. वडील मागे खांबाला टेकून, इतर खलाशांबरोबर. मी उभी राहिले. हातात भाषणाचा कागद नव्हता, वही होती.

मी पाहुण्यांना नमस्कार केला. म्हटलं, सरांच्या हॉलमध्ये मी तुमचं व्याख्यान ऐकलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी शिकतेय त्याचा काही उपयोग आहे. ते मला अजून वाटतं. पण त्यानंतर मी इथे एक भाषण केलं. त्यात मी म्हटलं होतं, पेट्या आल्या की खळं लागणार नाही. ते खोटं होतं.

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "पोरी, हे आज कशाला?"

"आजच कशाला नाही?" असं काहीतरी मी म्हटलं. माझा आवाज माझ्यापेक्षा लहान वाटत होता. मग मी वहीतले आकडे वाचायला लागले आणि आवाज परत आला. सकाळचा फरक, दुपारचा फरक. मतलई, खारा. ऊन मासा तापवतं, पण त्यातलं पाणी वारा नेतो. पेटीत ऊन आहे, वारा नाही. ढगाळ दिवसात थोड्या मासळीला पेटी चांगली, मीच ती वापरीन. पण एका ट्रॉलरची मासळी वाळवायची तर मतलईला मोकळी जागा लागते, आणि वाडीत ती एकच आहे.

भाऊ पाहुण्यांकडे वळले. "तुमीच सांगा साहेब. दोन पेट्यांत खळ्याचं काम होतं का नाय?"

पाहुणे चष्मा पुसत होते. ते हळू म्हणाले, "एवढं मी म्हटलं नव्हतं."

"मग म्हटलं कोनी?"

"मी," मी म्हटलं. "माझ्या मनाचं. टाळ्या मिळाव्यात म्हणून."

सर माझ्याकडे बघत नव्हते. भाऊंनी मान फिरवून मागे खांबाकडे बघितलं आणि माझ्या वडिलांना हाक मारली. "ऐकतोस ना? तुझीच ती. तू हिला कायतरी सांगशील का नाय?"

मला तो क्षण अजून आवडत नाही. वडील त्यांच्या ट्रॉलरवर कामाला होते. सकाळी त्याच ट्रॉलरवर चढायचं होतं. वडिलांनी टोपी काढून हातात घेतली. ते भाऊंसमोर कधी मोठ्याने बोलत नाहीत आणि तेव्हाही बोलले नाहीत.

"भाऊ, हो म्हनायला मी हाय की," ते म्हणाले. "रोजच म्हनतो. त्याच्यासाठी तिला कॉलेजात कशाला घालायची होती?"

कुणीतरी हसलं. बहुतेक खलाशांपैकीच. भाऊंचा चेहरा लाल झाला, पण ते भाषण करणारे गृहस्थ आहेत, सावरले. म्हणाले, बर्फ नसल्यामुळे मासळी फुकट जाते, त्याचं काय? तुमच्याच घरातल्या माणसांची मेहनत पाण्यात जाते. विकासाला आडवं यायचं असेल तर या. मी खरंच सांगते, त्यांचं हेही खोटं नव्हतं.

आई उभी राहिली. सभेत ती कधी उभी राहिली नव्हती. "बर्फाला आमची ना नाय," ती म्हणाली. "रस्त्याकडची पड हाय, तितं बांदा."

"तितं खनलं तर पानी लागत नाय," भाऊ म्हणाले.

"मग पानी आना. एवढी मशिनं आनता तुमी, नळ नाय आनवत?"

काकीने बसल्याबसल्या जोडलं, "नायतर आमी पेटीत बसतो, तुमी खळ्यावर बसा."

आता मात्र सगळाच मंडप हसला, पाहुणेसुद्धा. भाऊंनी कागद टेबलावर पुढे सरकवला आणि म्हणाले, "ज्यांना अंगठा द्यायचा त्यांनी यावं." कुणी हललं नाही. एक म्हातारी उठली. ती पॅडपाशी गेली, त्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "शाई वाळंल." मग परत येऊन बसली.

पाहुण्यांनी व्याख्यान दिलं, पण लहानसं. निघताना त्यांनी माझी वही मागून घेतली आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून तीन-चार पानं आपल्या डायरीत उतरवून घेतली. म्हणाले, "आम्ही वाऱ्याकडे फक्त पंखे फिरवायला बघतो." मला अजून काही ऐकायचं होतं. हे सभेत का नाही बोललात, असं विचारायचं होतं. पण धीर संपला होता. जीप गेली.

त्या सभेने सगळं छान झालं असं नाही. वडिलांना भाऊंनी कामावरून काढलं नाही, पण शिमग्याला दरवर्षी ट्रॉलरच्या पूजेचा नारळ त्यांच्या हातून फुटायचा, तो त्या वर्षी दुसऱ्याच्या हातून फुटला. विद्यापीठाच्या स्पर्धेला सरांनी दुसऱ्या मुलाला पाठवलं. त्याने माझंच जुनं भाषण केलं, खळ्याच्या वाक्यासकट. मी सरांना विचारलं, ते चुकीचं आहे हे माहीत असून कसं पाठवलंत? वर्गात, सगळ्यांसमोर विचारलं. सर म्हणाले, "वक्तृत्व आणि विज्ञान वेगळं असतं." मी म्हटलं, "मला ते पटत नाही." एवढंच, आणि खाली बसले. तेव्हापासून मी पुढून दुसऱ्या बाकावर बसते. कपडे अजून त्याच दोरीवर वाळतात, डांबरगोळ्या मात्र मी बंद केल्या. खिडकी ज्याला उघडायची त्याने उघडावी.

पाहुण्यांचं व्याख्यान मी अजूनही विसरले नाही. लाटांपासून, उन्हापासून वीज निघेल, हे मला खरं वाटतं, आणि ती काढणाऱ्यांत आपण असावं असंही वाटतं. फक्त ती काढताना आधी तिथे कोण काय करतंय हे विचारलं पाहिजे. विचारायला गेलं की वेळ लागतो, आणि समोरची माणसं म्हणतात, "घालते आनि काढते." तरी विचारलं पाहिजे.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. खुंट दोन पावसाळे तसेच आहेत, लाल रंग उडाला. बायका त्यांच्या मधून मासळी पसरतात. बर्फ अजून ट्रकने येतो. गेल्या आठवड्यात भाऊ नवीन कागद घेऊन आले. या वेळी टाईप केलेला, दोन पानी, सरकारी मराठीत. खळ्यावर बायका मासळी पसरून बसल्या होत्या, ऊन अजून तिरपं होतं. भाऊंनी कागद माझ्या हातात दिला. "तू शिकलेली हायस. बायकांना वाचून दाखव. मग म्हनू नका फसवलं."

मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग एकेका वाक्याचा साधा अर्थ सांगितला. तिसऱ्या कलमात 'कायमस्वरूपी' असा शब्द होता. तो मी दोनदा सांगितला, कारण आधीच्या कागदात तो नव्हता.

"झालं वाचून," भाऊ म्हणाले. "आता अंगठ्याचं बगा."

आई म्हणाली, "मना नीट कळलं नाय. परत वाच."

मी परत वाचला, सावकाश. काकी म्हणाली तिलाही अजून एकदा ऐकायचंय. मी तिसऱ्यांदा सुरू केलं. मध्येच आईने पदर पुढे धरला, तो घराच्या दिशेने उडाला. खारा सुटला होता. सगळ्या बायका एकदम उठल्या, कमरेला पदर खोचले आणि मासळी गोळा करायला लागल्या. मी कागद घडी करून भाऊंच्या हातात दिला आणि एक टोपली उचलली.